माळ्यावरचा फरारी

फरार कोण? जो पळाला तो. अरबी-फारसीतून आलेल्या ह्या शब्दाचा अर्थच मुळी पळ काढणे. आता गंमत बघा. वॉरंट निघालेला एक इसम घराचा उंबरठाही ओलांडत नाही. पोलीस कडी वाजवतात, बायको म्हणते, "ते गावाला गेलेत," आणि हे महाशय माळ्यावर पिंपामागे श्वास रोखून बसलेले. कायद्याच्या लेखी हासुद्धा फरारच! मद्रास उच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकातच सांगून टाकलं, की जागा सोडली की नाही हा प्रश्नच नाही; दडून बसलात, झालं. कायद्यातल्या 'ॲब्स्कॉन्ड' ह्या शब्दाचं लॅटिन मूळही 'लपवणं' हेच. आपला शब्द पळतो, त्यांचा लपतो.

उलट, वॉरंटची गंधवार्ताही नसताना कुणी नोकरीसाठी दुबईला गेला, तर तेवढ्यावरून तो फरार ठरत नाही.

पण जो सापडतच नाही, त्याला 'हजर हो' हा निरोप द्यायचा कसा? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ८४ वाचा. कोर्टाची उद्घोषणा त्याच्या गावात ठळक जागी मोठ्याने वाचायची, घराच्या दर्शनी भागावर डकवायची, एक प्रत कोर्टाच्या इमारतीवर लावायची. ही तर दवंडीच की! आणि कायदा लागू झाला कधी? १ जुलै २०२४ ला, मोबाइलच्या जमान्यात. हजर व्हायला मुदत किमान ३० दिवसांची. शिवाय जप्ती येऊ शकते ती वेगळीच. जप्तीत गुरंढोरं किंवा नाशवंत माल असेल तर कोर्ट तो लगेच विकायला लावू शकतं, कारण म्हशीला चारा कोण घालणार? दोन वर्षांच्या आत येऊन 'मी लपलो नव्हतो, उद्घोषणा मला वेळेत कळलीच नाही' असं सिद्ध केलं, तर खर्च वजा जाता पैसे परत!

आणि पळाला म्हणजे गुन्हेगारच ना? नाही. निरपराध माणूसही घाबरून पळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच मान्य केलंय. मला ह्या सगळ्यात हेच सर्वांत शहाणपणाचं वाटतं.

मात्र १० वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात चौकशीअंती 'उद्घोषित अपराधी' असा शिक्का बसला, की त्याला पकडायला पोलीसच लागतात असं नाही. तुम्हीही अटक करू शकता. फक्त सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करायचं.