परांड्याचे हबशी आणि जिबूतीतील चिनी तळ

इथिओपियाशेजारच्या जिबूतीत चीनने २०१७ मध्ये आपला परदेशातील पहिला लष्करी तळ उघडला. २०२४ च्या बीजिंग परिषदेत आफ्रिकी देशांतील ६,००० सैनिकांस प्रशिक्षण देऊ केले. आशियाई सत्ता व आफ्रिकी सैनिक यांचा संबंध मात्र जुना असून, धाराशिव जिल्ह्यातील परांडा हे त्याचे एक ठळक स्थान होय. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतल्यावर मलिक अंबराने दुसऱ्या मुर्तझा निजामशहास येथेच गादीवर बसविले. अंबर जन्माने इथिओपियातला, गुलाम म्हणून दक्षिणेत विकला गेलेला. त्यास विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगीझखान हाही हबशीच. ‘हबशी’ हा शब्द त्या देशाच्या ‘हबश’ या अरबी नावावरून आला. ‘सिद्दी’ मात्र ‘सय्यिदी’, म्हणजे ‘माझे स्वामी’, यावरून आला असे सामान्यतः मानतात. गुलाम म्हणून आणलेल्यांस स्वामिवाचक नाव मिळावे, यात त्यांचा लष्करी उत्कर्ष उमटला आहे, असे म्हणता येईल. आज शस्त्रे व शिक्षक आफ्रिकेत जातात. तेव्हा माणसेच विकून इकडे आणली जात. त्या व्यवहारास मैत्री म्हणणे कठीण. तथापि आलेला सैनिक इथलाच होई, आणि अंबराच्या हुकमतीखाली मराठा स्वार मोगलांशी गनिमी काव्याने लढत.