हलगी, विद्युत्-गिटार आणि १९८८ चा एक गीतसंच

इंदापूर तालुक्यांतील शेळगांवासारख्या गांवीं जत्रेंत कुस्तीचा फड भरला म्हणजे हलगीवाल्याकडे प्रथम कोणी फारसें पाहात नाहीं. पण पैलवान एकमेकांस भिडतांच साऱ्या फडाचा श्वास त्याच्या हातीं जातो. विस्तवावर तापवून ताणलेलें चामडें, एका हातांत लांब बारीक काडी, दुसऱ्यांत आखूड टिपरूं; आणि लय अशी चढत जाते कीं ठोका ठोक्यापासून वेगळा काढतां येऊं नये. या वादनास कोणी गोंगाट म्हणत नाहीं. घरांतील मुलानें 'मेटल' नांवाचें पाश्चात्य संगीत लावलें मात्र, कीं वडील मंडळींच्या तोंडीं नेमका तोच शब्द येतो. या दोन आवाजांत अंतर किती आणि नातें किती, हें एकदां शांतपणें पाहण्यासारखें आहे.

आधीं या संगीताची घडण पाहूं. विद्युत्-गिटारीचा आवाज वर्धक यंत्रास पेलवणार नाहीं इतका वाढविला, कीं ध्वनिलहरींचे माथे कापले जातात आणि एक दाट, खरखरीत नाद निघूं लागतो. मुळांत हा यंत्राचा दोष. वादकांना तो आवडला आणि ते तो मुद्दाम आणूं लागले. मग उजव्या तळहाताची कड घोडीजवळ तारांवर हलकेच टेकवून तारा छेडावयाच्या. नाद तेथल्या तेथें दबतो, आणि उरतो तो केवळ आघात. गिटार अशा वेळीं स्वराचें वाद्य राहात नाहीं, जवळजवळ हलगीच होते. ढोलवादक दोन्ही पायांनीं आलटून पालटून मोठ्या ढोलावर प्रहार करतो. 'मोटरहेड' या इंग्रज वाद्यवृंदानें १९७९ सालच्या 'ओव्हरकिल' या गीतांत ही रीत गाजविली. सतारीवरील झाला ज्यानें लक्ष देऊन ऐकला आहे, त्यास वेगानेंच रस कसा उत्पन्न होतो हें निराळें सांगावयास नको.

हा वेग ज्यांनीं टोकास नेला त्यांच्या संगीताला 'स्पीड मेटल' म्हणूं लागले. १९८१ सालीं लॉस एंजेलिस येथें जमलेल्या 'मेटॅलिका' या चमूचा पहिला संच, 'किल देम ऑल' अशा अर्थाच्या उग्र नांवाचा, २५ जुलै १९८३ रोजीं एका लहानशा नव्या कंपनीनें काढला. त्यांतील 'व्हिपलॅश' हें गीत मिनिटास सुमारें २०० ठोक्यांच्या लयींत धांवतें. गंमत अशी कीं, संच निघण्यापूर्वींच या मुलांचें नांव झालें होतें. १९८२ सालीं त्यांनीं नमुन्यादाखल केलेली ध्वनिफीत हातोहात उतरवून घेतली जात होती, आणि टपालानें दूरदूर जात होती.

मुंबईंतही त्या काळीं फीत अशीच हातोहात फिरे. कारण मात्र निराळें. परदेशी ध्वनिमुद्रिका व वाद्यें यांवर भारी जकात असे, चांगली गिटार मिळणें नशिबाची गोष्ट होती. अशा परिस्थितींत १९८४ सालीं मुंबईंत 'रॉक मशीन' हा वाद्यवृंद उभा राहिला. गिटारवादक महेश तिनईकर हे त्याच्या आरंभींच्या मंडळींपैकीं; उदय बेनेगल हे गायक मागाहून आले. १९८६ पासून फरहाद वाडिया यांनीं भरविलेल्या 'इंडिपेंडन्स रॉक' या मेळाव्यामुळें धोबी तलावाजवळील उघडें नाट्यगृह, रंगभवन, हें या तरुणांचें तीर्थच झालें होतें.

पण तेथें टाळी मिळे ती परक्याच्या गाण्याला. प्रसिद्ध विलायती गीत जसेंच्या तसें वाजविणें हीच कसोटी मानली जाई; स्वतःचें गीत सुरू केलें कीं श्रोते चुळबुळ करूं लागत. 'रॉक मशीन'नें १९८८ सालीं 'रॉक एन् रोल रेनेगेड' हा संच काढला तो ही रीत मोडून, सर्वस्वीं आपल्या रचनांचा. भारतांतील इंग्रजी रॉक संगीतांत असें धाडस करणारे त्या वेळीं बोटांवर मोजण्याइतके होते.

हा संच आज ऐकणाऱ्यानें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: हें 'स्पीड मेटल' नव्हे. 'व्हिपलॅश'ची पिसाट धांव येथें नाहीं. लय मध्यम, चाली गुणगुणण्याजोग्या, समूहस्वरांचा उपयोग मोकळा. गिटारवादन सफाईदार आहे. दोषही स्पष्ट दिसतात. रेनेगेड म्हणजे फितूर, बंडखोर; हा बंडखोर अमेरिकेंतल्या हमरस्त्यावरचा वाटतो, दादर-गिरगांवांतला नव्हे. परक्याचें गाणें टाकलें, पण परक्याची पोशाखी ऐट टाकली नाहीं, असें कोणी म्हटलें तर तें खोडून काढणें कठीण आहे. तथापि शिकाऊ माणूस प्रथम दुसऱ्याच्याच अक्षराचा कित्ता गिरवितो, आणि येथें कित्त्यावरचा मजकूर तरी स्वतःचा होता! ज्यांनीं तो त्या काळीं ऐकला त्यांच्यापैकीं कित्येकांनीं फीत झिजली तरी टाकली नाहीं, याचें कारण हेंच असावें.

पुढील इतिहास थोडक्यांत असा. १९९० सालीं दुसरा संच निघाला. १९९३ सालीं वाद्यवृंदानें 'इंडस क्रीड' हें नांव घेतलें, आणि संगीतांत भारतीय रंगही मिसळूं लागला. त्या नांवाचा संच १९९५ सालचा. नंतर मंडळी पांगली, आणि पुन्हां जमून त्यांनीं २०१२ सालीं 'इव्हॉल्व्ह' हा संच दिला. रंगभवनाच्या आसपास रुग्णालयें आणि महाविद्यालय आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनीं अशा संस्थांभोंवतींचा १०० मीटरांचा परिसर शांतता क्षेत्र ठरविण्याची तरतूद केली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत तेथील मैफली थांबल्या. रुग्णाच्या झोपेपुढें गिटारीनें माघार घ्यावी हें योग्यच. पण शहरानें त्या मुलांना तितकी मध्यवर्ती व तितकी स्वस्त दुसरी जागा मात्र काढून दिली नाहीं.