२६ जानेवारी : सुट्टी घरातल्या सगळ्यांची

नवीन वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लागलं की घरातला प्रत्येक जण आधी लाल आकडे मोजतो. सुट्टी रविवारला जोडून आली की मुलं, नोकरीवाले सगळेच खूश! आपण मात्र त्याच कॅलेंडरवर चतुर्थी, एकादशी आणि सिलिंडर कधी लावला ती तारीख बघतो. कारण लाल आकडा म्हणजे दुप्पट काम, हे आपल्याला अनुभवानं ठाऊक असतं.

बघा ना, गणपतीत मोदक, नवरात्रात उपासाचे वेगळे जिन्नस, दिवाळीत फराळ आणि पाहुणे. संक्रांतीला आदल्या दिवशीची भोगीची भाजी, बाजरीची भाकरी, मग गुळाच्या पोळ्या. सण आपल्याला प्रिय आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण सण म्हणजे विश्रांती नव्हे.

आमच्या बचत गटाच्या बैठकीत एकदा सहज विचारलं, ‘‘बायांनो, शेवटची सुट्टी कधी घेतली?’’ सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एक जण हसत म्हणाली, ‘‘ताई, धाकट्याच्या बाळंतपणाला माहेरी गेले होते तेव्हा.’’ तिचा धाकटा आता नववीत आहे. आम्ही सगळ्या हसलो खऱ्या, पण नंतर बराच वेळ कोणी बोललं नाही.

केंद्र सरकारनं २०२४ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकामाला हात लावणारे पुरुष ८८ मिनिटं. मुलांचं आणि आजाऱ्यांचं करणं यात धरलेलंच नाही. आणि या पाच तासांना रविवार नसतो.

रविवारची सुट्टी तरी कुठे आपोआप मिळाली? नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी अनेक वर्षं झगडून ती मिळवली. १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांना रविवारी सुट्टी मिळू लागली. त्या लढ्यातल्या मोठ्या सभेत कामगार स्त्रियाही उभ्या राहून बोलल्या होत्या. मागितल्याशिवाय सुट्टी मिळत नाही, हे त्यांना कळलं होतं.

म्हणून मला २६ जानेवारीची सुट्टी फार मोलाची वाटते. या दिवशी नैवेद्य नाही, सोवळं नाही, उपास नाही. सकाळी पांढऱ्या गणवेशाला इस्त्री केली, झेंडावंदन झालं, की दिवस मोकळा. हवा कशी छान असते! सकाळी गारठा, दुपारी अंगणात बसावंसं वाटणारं कोवळं ऊन. थंडीत पहाटे उठून पाणी तापवणं, डबे करणं यानं आपले गुडघे, कंबर बोलायला लागलेले असतात. त्यांना याच दिवसांत उबेची आणि आरामाची गरज असते.

पण होतं काय? ‘सगळे घरीच आहेत’ म्हणून खास बेत ठरतो. सकाळची भांडी दुपारपर्यंत पुरतात. रथसप्तमी व्हायची असेल तर ‘सुट्टीच आहे’ म्हणून हळदीकुंकूही त्याच दिवशी. संध्याकाळी सगळे ताजेतवाने आणि आपण आडव्या!

यावर उपाय सोपा आहे, फक्त आठवडाभर आधी बोलायला हवं. रागानं नको, चहाच्या वेळी सहज सांगा. त्या दिवशी एकच बेत, मुगाची खिचडी नि कढी. भाज्या निवडायच्या मुलांनी, भांडी घासायची बाबांनी. मुलगा असो की मुलगी, काम सारखंच. हळदीकुंकू दुसऱ्या दिवशी. सासूबाईंनाही आग्रहानं उन्हात बसवा, त्यांनी तर आपल्यापेक्षा जास्त वर्षं सुट्टीशिवाय काढली आहेत. घरी कामाला मावशी येत असतील तर त्यांनाही सुट्टी द्या, आणि पैसे कापू नका.

आमच्याकडे ज्वारीचा पट्टा आहे. या दिवसांत शेतावर हुरडा असतो. गंमत म्हणजे आगटीवर कणसं भाजायला आणि गरम गरम चोळून द्यायला पुरुष स्वतःहून पुढे येतात! बायका चटणी, गूळ, दही घेऊन निवांत बसतात. म्हणजे त्यांना जमत नाही असं नाही. शेतात जमतं ते स्वयंपाकघरातही जमेल.

काही घरांत या दिवशीही ड्यूटी असते. नर्स, एस.टी.चे चालक-वाहक, ऊसतोडीला गेलेली कुटुंबं यांना लाल आकड्याचा उपयोग नाही. त्यांनी आपल्या सोयीचा दुसरा दिवस ठरवावा. तारीख महत्त्वाची नाही, घरानं मिळून ठरवणं महत्त्वाचं.

ज्या राज्यघटनेसाठी आपण हा दिवस साजरा करतो, ती २६ जानेवारी १९५० पासून अमलात आली. तिच्या ४३व्या कलमात कामगारांना पुरेशा वेतनाबरोबर फुरसतीचा पूर्ण उपभोग मिळावा, यासाठी सरकारनं झटावं असं म्हटलं आहे. घटना लिहिणाऱ्यांना फुरसत ही चैन वाटली नाही. मग मैत्रिणींनो, दिवसाचे पाच तास बिनपगारी राबणाऱ्या आपण ती मागायला का लाजायचं? यंदा झेंडावंदनाहून परत आल्यावर उन्हात एक खुर्ची आपल्यासाठीही टाका.