अक्कलदाढ काढल्यावर त्या खळग्यात काय घडतं

साधारण १७ ते २५ या वयात अक्कलदाढ वर येऊ लागते, तेव्हा जबड्यात अनेकदा जागाच उरलेली नसते. मग ती आडवी होऊन शेजारच्या दाढेला अडकते किंवा निम्मी हिरडीखालीच राहते. त्या हिरडीखाली अन्नाचे कण साचतात, ब्रश तिथवर पोचत नाही आणि हिरडी वरचेवर सुजू लागते. अशी दाढ काढणंच बरं. मात्र दाढ अडकलेली असूनही निरोगी असेल, तर केवळ पुढच्या भीतीपोटी ती काढू नये, असं ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००० सालीच सांगितलं आहे. आपली दाढ नेमकी कशासाठी काढायची, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावं.

आधी संपूर्ण जबड्याचा एक्स-रे काढतात, त्याला ओपीजी म्हणतात. खालच्या दाढेच्या मुळांजवळून ओठ आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जाते. मुळं तिच्यापासून किती लांब आहेत, हे त्यात दिसतं. मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हाडांच्या ठिसूळपणावरची औषधं यांबद्दल याच वेळी सांगायचं. हृदयविकारासाठी चालू असलेली गोळी मनाने बंद करू नये.

बहुतेकांना फक्त जागेवर भूल देतात. भुलीने वेदना थांबते, दाब जाणवत राहतो. हे आधी माहीत असलं की डॉक्टर जोर लावतात तेव्हा धसका बसत नाही. अडकलेल्या दाढेसाठी हिरडी थोडी उघडतात, सलाइनची धार सोडत आवश्यक तेवढं हाड कोरतात, दाढेचे तुकडे करून ते काढतात आणि टाके घालतात.

आता उरतो एक खळगा. त्यात रक्त भरतं आणि गोठतं. ही गुठळी म्हणजे उघड्या हाडावरचं पांघरूण. तिच्यातूनच पुढे नवी पेशीजालं आणि नंतर हाड तयार होतं. घरी पाठवताना दिलेल्या बहुतेक सूचना या गुठळीसाठीच असतात, पण कारण न सांगितल्यामुळे त्या जाचक वाटतात. गॉझचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा, तो दाबाने रक्त थांबून गुठळी बसावी म्हणून. सारखं थुंकायचं नाही, स्ट्रॉने प्यायचं नाही, कारण तोंडातल्या त्या ओढीने ती निसटू शकते. पहिल्या दिवशी लाळ गुलाबी दिसते, ती गिळून टाकावी. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या दुसऱ्या दिवसापासून, तेही खळखळ न करता. पाणी तोंडात हलकेच फिरवून सोडून द्यायचं.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. काहीतरी बिघडलं, असं वाटून माणसं नेमकी तेव्हाच घाबरतात. पहिल्या दिवशी कापडात गुंडाळलेला बर्फ गालावर थोडा थोडा वेळ धरावा, रात्री उशी जरा उंच घ्यावी. तोंड काही दिवस पुरतं उघडत नाही. जबड्याचे स्नायू आखडलेले असतात, ते हळूहळू सैल होतात. वेदनाशामक गोळी भूल पूर्ण उतरण्याआधीच, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घ्यावी. ठणका चढल्यावर तो उतरवणं अवघड जातं.

खरी चिंता वेगळ्या दुखण्याची. दोन-तीन दिवसांनी दुखणं ओसरायला हवं. त्याऐवजी ते वाढलं, कानापर्यंत ठणकू लागलं आणि तोंडाला घाण वास आला, तर गुठळी विरघळून किंवा निसटून हाड उघडं पडलेलं असतं. याला ड्राय सॉकेट म्हणतात. नुसत्या गोळ्यांनी हे भागत नाही. डॉक्टर खळगा धुऊन त्यात औषधी पट्टी भरतात. तिच्यात बहुधा लवंगतेलातलंच युजेनॉल असतं आणि त्याने लवकर आराम पडतो. म्हणून घरचं लवंगतेल मात्र जखमेत ओतू नये. निव्वळ तेलाने ओली जखम भाजते.

ड्राय सॉकेटचं एक मोठं कारण धूम्रपान. आपल्याकडे तंबाखूची चिमूट आणि मशेरीही आहे, आणि दात दुखला की मशेरी लावायची सवय अनेक बायकांना असते. संकोचामुळे ती दवाखान्यात सांगितली जात नाही. ती सांगावी, आणि जखम भरेपर्यंत तरी मशेरीचं बोट तोंडात जाऊ देऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पहिले दोन दिवस पेज, ताक, गार केलेली मुगाची पातळ खिचडी, आइस्क्रीम. भूल उतरेपर्यंत काही चावू नये, बधिर ओठ दाताखाली येतो. चिवडा, शेव, तिळाची चटणी आठवडाभर दूर ठेवावी. बारीक कण खळग्यात जाऊन बसतात. न विरघळणारे टाके साधारण ७ दिवसांनी काढतात. हिरडी काही आठवड्यांत मिटते, आतलं हाड भरायला मात्र कित्येक महिने लागतात. दाबूनही न थांबणारं रक्त, ताप, गिळताना किंवा श्वास घेताना होणारा त्रास, दुसऱ्या दिवशीही बधिर असलेला ओठ किंवा जीभ, यांपैकी काहीही दिसलं तर टाक्यांच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना लगेच फोन करावा. श्वासाला अडथळा होत असेल तर सरळ रुग्णालय गाठावं.