संकेतस्थळाची शाकारणी

जून तोंडावर आला की रायगडच्या किनाऱ्यावरची कामे ठरलेली असतात. मासेमारी बंद होते, होड्या ओढून वर घेतल्या जातात, तळाला चिकटलेले शिंपले खरवडले जातात, फटी बुजवून रंगाचा हात मारला जातो आणि मग होडी नीट शाकारून ठेवली जाते. वाडीतल्या घरांची फुटकी कौले बदलली जातात. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळात ज्यांनी छप्पर उडताना पाहिले, त्यांना या कामाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

गावातली एक वास्तू मात्र या शाकारणीतून हटकून सुटते. ती म्हणजे संकेतस्थळ. नागाव, काशीद, दिवेआगर, हरिहरेश्वर या पट्ट्यात घरगुती निवास चालवणारे, शाळा, देवस्थाने, छोटे दवाखाने अशा अनेकांची आज संकेतस्थळे आहेत. कुणा पुतण्याने किंवा पनवेलच्या एखाद्या मुलाने ती चार-पाच वर्षांपूर्वी करून दिलेली असतात. मुलगा नोकरीला पुण्याला जातो, पासवर्ड त्याच्याबरोबर जातो आणि स्थळ तसेच उघडे राहते.

आरोग्याच्या सदरात हे कशाला, असा प्रश्न पडेल. उत्तर असे की, न शाकारलेल्या संकेतस्थळाच्या फटीतून अनेकदा बनावट औषधांचे दुकान आत शिरते. संगणक सुरक्षेच्या क्षेत्रात या प्रकाराला ‘फार्मा हॅक’ असे नावच पडले आहे. चोर स्थळात घुसतो, पण काही मोडत नाही. तो लैंगिक शक्तीच्या, झोपेच्या, वजन उतरवण्याच्या गोळ्यांची पाने गुपचूप आत ठेवतो. मालकाने पाहिले तर त्याला नेहमीचे नारळ-सुपारीच्या बागेचे फोटो दिसतात. गुगलसारख्या शोधयंत्राला मात्र ती चोरपाने दिसतात आणि शोधातून आलेला माणूस थेट भलत्याच दुकानात पोहोचतो. जुन्या, प्रामाणिक स्थळाला शोधयंत्राच्या लेखी पत असते. चोराला हवी असते ती हीच पत.

यातली बहुतेक स्थळे ‘ओपन सोर्स’ म्हणजे मुक्तस्रोत प्रणालीवर उभी असतात. म्हणजे ज्या आज्ञावलीवर संकेतस्थळ चालते, ती कुणालाही वाचता येते, फुकट वापरता येते, बदलता येते आणि बदललेली पुढे देताही येते. त्यातली सर्वांत लोकप्रिय वर्डप्रेस. तिची जन्मकथा बोलकी आहे. ‘बी२’ नावाची एक प्रणाली तिच्या कर्त्याने सांभाळणे थांबवले होते. आज्ञावली खुली असल्यामुळे मॅट मुलेनवेग हा अमेरिकेतला कोवळा तरुण आणि इंग्लंडचा माइक लिटल यांनी ती उचलली आणि २००३ साली वर्डप्रेस म्हणून पुढे आणली. आज जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे तिच्यावर चालतात. तिचा मराठी अवतार स्वयंसेवकांनी केला आहे. अनेक मराठी स्थळांवर दिसणारा ‘मुक्त’ हा देवनागरी टंकही मुंबईच्या ‘एक टाइप’ने असाच खुला करून दिलेला आहे. काशीदच्या गृहिणीला मराठीत स्वतःचे स्थळ उभे करता येते, ते या अनोळखी लोकांच्या श्रमांवर. तिला जागेचे भाडे आणि पत्त्याची वार्षिक फी तेवढी द्यावी लागते.

खुलेपणाची ही रीत वैद्यकाला नवी नाही आणि रायगडाला तर मुळीच नाही. महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, डोळ्यांदेखत जात. विषामुळे शरीरात अ‍ॅड्रिनॅलिनच्या जातीच्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरते. बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे स्वस्त औषध वापरले आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आणले. त्यांनी हा उपाय झाकून ठेवला नाही. लक्षणे, मात्रा, निकाल सगळे ‘लॅन्सेट’मध्ये छापून जगापुढे ठेवले. खेड्यातल्या कुठल्याही डॉक्टरला तो वापरता आला, तपासता आला. पुढे २०११ साली महाडमधीलच ७० रुग्णांवरचा अभ्यास ‘बीएमजे’त आला. प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिलस दिली तर रुग्ण लवकर बरा होतो, असे त्यात दिसले. म्हणजे आधीच्या उपायात सुधारणा झाली. मुक्तस्रोतवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर नवी आवृत्ती आली.

इथेच तुलनेचा दुसरा भाग सुरू होतो आणि तो कमी गोड आहे. २०११ नंतरही एखादा डॉक्टर १९८५ च्याच ज्ञानावर थांबला, तर त्यात ‘लॅन्सेट’चा दोष नाही. संकेतस्थळांचे नेमके हेच होते. आज्ञावलीत फट सापडली की ती सांभाळणारे लोक दुरुस्ती काढतात आणि फुकट वाटतात. पण दुरुस्ती जाहीर झाली, म्हणजे फट कुठे होती हेही जाहीर झाले. ज्याने ती बसवली नाही, त्याचा पत्ता चोराला आयताच मिळतो. ‘ड्रुपल’ ही अशीच दुसरी मुक्त प्रणाली. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी तिच्यातील एका गंभीर फटीची दुरुस्ती जाहीर झाली. नंतर ड्रुपलच्याच सुरक्षा गटाने सांगितले की, ज्यांनी सात तासांच्या आत ती बसवली नाही, त्यांनी आपले स्थळ फुटलेच असे समजावे. सात तास! इथे कित्येक स्थळांकडे सात-सात महिने कुणी फिरकत नाही.

‘हजार डोळे पाहतात म्हणून मुक्त प्रणाली सुरक्षित’ असे तिचे भक्त सांगतात. ते अर्धेच खरे आहे. डोळे असू शकतात, असतातच असे नाही. इंटरनेटवरचे व्यवहार गुप्त ठेवणाऱ्या ‘ओपनएसएसएल’मध्ये ‘हार्टब्लीड’ नावाची फट दोन वर्षे कुणाच्या ध्यानात आली नव्हती. ती एप्रिल २०१४ मध्ये उघड झाली. निम्मे जग ज्यावर विसंबून होते, ते सांभाळायला पूर्णवेळ माणूस जेमतेम एक होता. त्याच वर्षी अमेरिकेतील एका रुग्णालय साखळीतून सुमारे ४५ लाख रुग्णांची माहिती चोरीस गेली आणि त्यामागे हीच फट असल्याचे सुरक्षातज्ज्ञांनी सांगितले. फुकट मिळणाऱ्या वस्तूची राखण फुकट होत नाही. खर्च वाचला तो विकत घेण्याचा, सांभाळण्याचा नव्हे.

सरकारने जिल्ह्यांच्या बाबतीत यावर एक बरा उपाय काढला आहे. रायगडसह देशभरातील जिल्हा संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एस३वास’ या एकाच चौकटीवर आणली गेली. दुरुस्ती एका ठिकाणी होते, सगळ्यांना लागते. निवासवाल्यांच्या, शाळांच्या संघटनांनी एकत्र येऊन एखादा माणूस नेमला तर त्यांनाही हे जमेल. वाडीतले लोक होड्या ओढायला एकत्र येतातच की.

तोवर मालकाला स्वतः करता येईल असे थोडे आहे. पासवर्ड आपल्या ताब्यात घ्यावा. प्रणालीच्या आणि तिच्या जोडभागांच्या, म्हणजे प्लगइनच्या, दुरुस्त्या आपोआप बसतील अशी सोय चालू करावी. न वापरलेले जोडभाग काढून टाकावेत, कारण बहुतेक फटी त्यांतच असतात. स्थळाची एक प्रत वेगळ्या जागी ठेवावी. मुक्त प्रणालीचा मोठा फायदा असा की, ही प्रत उचलून दुसऱ्या कुठल्याही भाड्याच्या जागेत स्थळ पुन्हा उभे करता येते. आणि अधूनमधून शोधयंत्रात आपल्या स्थळाचा पत्ता व त्यापुढे ‘व्हायग्रा’ असा शब्द टाकून पाहावे, मराठीत आणि इंग्रजीतही. लाजण्याचे कारण नाही. काही निघाले तर स्थळ करून देणाऱ्याला तेच पान दाखवावे.

आता गोळी घेणाऱ्याकडे वळू. आपला खरा पत्ता लपवणाऱ्या संकेतस्थळांवरून घेतलेल्या औषधांपैकी निम्म्याहून अधिक बनावट निघाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले आहे. अशा गोळीत सांगितलेले औषध नसते, कमी असते किंवा भलतेच असते. ‘पूर्ण आयुर्वेदिक’ म्हणून विकलेल्या शक्तिवर्धकांतही सिल्डेनाफिल मिसळलेले अनेकदा सापडले आहे. साठीच्या माणसाने लाजेपोटी डॉक्टर टाळून ही गोळी मागवली आणि तो छातीच्या दुखण्यासाठी सॉर्बिट्रेटसारखे नायट्रेट घेत असेल, तर दोन्ही औषधे मिळून रक्तदाब इतका कोसळू शकतो की जीव जाऊ शकतो.

रात्री छातीत दुखू लागले तर घरातल्यांचा हात पहिल्यांदा जिभेखालच्या त्याच गोळीकडे जातो. रुग्णालयातही नायट्रेट देण्याचा विचार होतो. सिल्डेनाफिल घेतल्यापासून २४ तासांत आणि टाडालाफिल घेतल्यापासून ४८ तासांत नायट्रेट देता येत नाही. त्यामुळे अशा रुग्णाने, किंवा त्याच्या बायकोने, आदल्या दिवशी कोणती गोळी घेतली होती ते तपासणाऱ्या डॉक्टरला आल्या आल्या सांगावे आणि पाकीट सापडले तर तेही बरोबर न्यावे.