एटीएम कार्डाएवढ्या संगणकावर घरचा सर्व्हर : साठवण स्वस्त, राखण महाग

नवी दिल्ली : मोबाइलची साठवण भरत आल्याची सूचना आता बहुतेक घरांना परिचयाची झाली आहे. गूगल फोटोजने १ जून २०२१ पासून अमर्याद मोफत साठवणुकीची सोय बंद केली आणि त्यानंतर चढवलेली छायाचित्रे १५ जीबीच्या मोफत मर्यादेत मोजली जाऊ लागली. तेव्हापासून अनेक कुटुंबांपुढे दोनच पर्याय उरले : दरमहा भाडे भरणे किंवा जुनी छायाचित्रे पुसत जाणे. तंत्रज्ञानाची थोडीफार आवड असलेल्यांनी मात्र तिसरा पर्याय निवडला आहे. एका लहानशा संगणकाला हार्डडिस्क जोडून घरातच स्वतःचा सर्व्हर उभारणे, हा तो पर्याय होय.

सर्व्हर हा शब्द भारदस्त वाटला तरी त्याचा अर्थ साधा आहे. जो संगणक अहोरात्र चालू राहतो आणि इतर उपकरणांनी मागितलेली गोष्ट त्यांना पुरवतो, तो सर्व्हर. त्याला पडदा लागत नाही, कळफलक लागत नाही. राउटरशेजारच्या फळीवर तो पडून असला तरी चालते.

या कामासाठी सर्वाधिक वापरला जाणारा लहान संगणक म्हणजे रास्पबेरी पाय. शाळकरी मुलांना प्रोग्रामिंगची गोडी लागावी, या हेतूने ब्रिटनमधील केंब्रिज येथील रास्पबेरी पाय फाउंडेशन या धर्मादाय संस्थेने तो बनवला आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी बाजारात आणला. प्रोसेसर, स्मृती आणि सर्व जोडण्या एकाच सर्किट बोर्डवर असलेला हा संगणक आकाराने साधारण एटीएम कार्डाएवढा आहे. मुलांसाठी घडवलेल्या या वस्तूचा मोठा ग्राहकवर्ग पुढे हौशी प्रौढांचा आणि कारखान्यांचा झाला.

घरच्या सर्व्हरसाठी तो खऱ्या अर्थाने उपयोगी ठरला तो २०१९ च्या जूनमध्ये आलेल्या चौथ्या पिढीपासून. त्यापूर्वीच्या रास्पबेरी पाय ३ च्या मूळ मॉडेलवरील तारेची जोडणी सेकंदाला १०० मेगाबिटपुरती मर्यादित होती. तिच्यावरून ५०० जीबी छायाचित्रे उतरवायला साडेअकरा तासांच्या आसपास वेळ लागतो. चौथ्या पिढीच्या गिगाबिट जोडणीवर आणि यूएसबी ३ डिस्कवर तेच काम अनुकूल परिस्थितीत सव्वा तासावर येते. २०२३ मध्ये आलेली पाचवी पिढी आणखी वेगवान आहे; पण छायाचित्रे आणि कागदपत्रे सांभाळण्यासाठी चौथीही पुरेशी आहे.

अहोरात्र चालणाऱ्या यंत्राच्या बाबतीत विजेचा हिशेब महत्त्वाचा. बोर्ड आणि एक लहान डिस्क मिळून सरासरी १० वॉट धरले, तर महिन्याला ७.२ युनिट वीज लागते. युनिटला ८ रुपये दर मानल्यास हा खर्च ५८ रुपयांच्या घरात जातो. अडगळीत पडलेला जुना डेस्कटॉप याच कामाला लावला आणि तो ८० वॉट घेत असेल, तर त्याच दराने महिन्याला सुमारे ४६१ रुपये जातील. फुकट मिळालेला जुना संगणक वर्षभरात असा महाग पडतो.

या एका बोर्डावर कितीतरी कामे एकत्र चालू शकतात आणि त्यांसाठीच्या बहुतेक प्रणाली मुक्त स्रोत असल्याने विनामूल्य आहेत. सांबा ही प्रणाली घरातील सर्व संगणकांना एक सामाईक फोल्डर उपलब्ध करून देते. नेक्स्टक्लाउडमुळे फाइली, कॅलेंडर आणि संपर्क क्रमांक मोबाइलशी जुळते राहतात. इमिच मोबाइलवर काढलेली छायाचित्रे आपोआप घरच्या डिस्कवर उतरवून घेते. जेलीफिन साठवलेले चित्रपट आणि गाणी दूरचित्रवाणी संचावर दाखवते, तर होम असिस्टंट दिवे-पंख्यांच्या स्मार्ट बटणांचे नियंत्रण करते. मात्र चित्रपट एका स्वरूपातून दुसऱ्यात तत्काळ बदलून दाखवणे हे या बोर्डाचे बलस्थान नव्हे. पाचव्या पिढीत तर व्हिडिओ एन्कोड करणारे स्वतंत्र हार्डवेअरच नाही. संच जी फाइल थेट वाचू शकतो तीच ठेवावी.

पाय-होल या प्रणालीचा उल्लेख स्वतंत्रपणे करायला हवा. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधण्याचे काम ती स्वतःकडे घेते आणि जाहिरातींच्या ज्ञात पत्त्यांना उत्तरच देत नाही. त्यामुळे घरातील प्रत्येक उपकरणावरील बऱ्याच जाहिराती एकदम कमी होतात. यूट्यूबच्या जाहिराती मात्र थांबत नाहीत, कारण त्या मुख्य चित्रफितींच्याच पत्त्यांवरून येतात. धोका वेगळाच आहे. हा बोर्ड बंद पडला की घरातील कोणालाही कोणतेच संकेतस्थळ सापडत नाही. ऑनलाइन परीक्षेच्या सकाळी असे घडल्यास घरच्या तंत्रज्ञाचे कौतुक तेथेच संपते. म्हणून सुरुवातीचे काही महिने एकच काम, तेही फाइली साठवण्याचे, बोर्डावर चालवून पाहणे शहाणपणाचे आहे.

प्रत्यक्ष उभारणी एका दुपारची. रास्पबेरी पाय इमेजर या साधनाने मेमरी कार्डावर डेबियनवर आधारित कार्यप्रणाली लिहिता येते. वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड आणि दूरस्थ प्रवेशाची सोय त्याच वेळी ठरवता येते. पूर्वी प्रत्येक बोर्डाचे वापरकर्ता-नाव ‘पाय’ आणि पासवर्ड ‘रास्पबेरी’ असा ठरलेला असे. जगभर ठाऊक असलेली ही किल्ली एप्रिल २०२२ मध्ये काढून टाकण्यात आली. तरीही जुन्या मार्गदर्शिकांत ती अजून आढळते.

डिस्क निवडताना दोन चुका वारंवार होतात. पहिली विजेची. चौथ्या पिढीच्या चारही यूएसबी जोडण्यांना मिळून १.२ अँपिअर एवढाच प्रवाह मिळतो. दोन फिरत्या डिस्क जोडल्या की एखादी मध्येच बंद पडते आणि वापरणाऱ्याला डिस्क खराब झाल्याचा भास होतो. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब किंवा एसएसडी हा त्यावरील उपाय. दुसरी चूक डिस्कच्या आखणीची. दुकानातून आलेली डिस्क अनेकदा एक्सफॅट पद्धतीची असते. अर्धवट राहिलेले लेखन सावरणारी नोंदवही तिच्यात नसते, ती लिनक्सच्या एक्स्ट ४ पद्धतीत असते. फाइलींना मराठी नावे देणाऱ्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एक्स्ट ४ मध्ये नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, काना-मात्रांसह, ३ बाइट घेते. म्हणजे मराठी नाव ८५ चिन्हांपलीकडे जाऊ शकत नाही. समारंभाचे, गावाचे आणि सर्व नातेवाइकांचे नाव एकाच फाइलीला देण्याची सवय असल्यास ही मर्यादा लवकर गाठली जाते.

भारतात या यंत्राचा खरा शत्रू म्हणजे अचानक जाणारी वीज. लेखन चालू असताना वीज गेली तर मेमरी कार्डावरील मजकूर बिघडतो आणि पुढच्या वेळी यंत्र सुरूच होत नाही. कार्यप्रणाली कार्डाऐवजी एसएसडीवर ठेवल्यास हा धोका बराच कमी होतो, पण संपत नाही. राउटरसाठी मिळणारे लहान यूपीएस बहुधा १२ व्होल्टचे असतात. बोर्डाला ५ व्होल्ट लागतात, त्यामुळे ते थेट जोडता येत नाहीत. संगणकाचा साधा यूपीएस यूएसबी तारेने बोर्डाला जोडावा आणि नेटवर्क यूपीएस टूल्स ही प्रणाली बसवावी. बॅटरी संपत आली की सर्व्हर स्वतःहून व्यवस्थित बंद होतो. आणखी एक बारकावा असा की, चौथ्या पिढीच्या बोर्डात स्वतःचे घड्याळ नाही. वीज परतल्यावर राउटर उशिरा सुरू झाला, तर सर्व्हर काही काळ चुकीची वेळ धरून बसतो आणि सुरक्षित जोडण्या नाकारल्या जातात. पाचव्या पिढीत घड्याळ आहे, बॅटरी वेगळी घ्यावी लागते.

घराबाहेरून आपल्या फाइली पाहायच्या असतील, तर प्रश्न अधिक नाजूक होतो. जुन्या आयपीव्ही४ पद्धतीत जगासाठी मिळून सुमारे ४३० कोटीच पत्ते आहेत. त्यांच्या टंचाईमुळे इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. अशा जोडणीवर बाहेरून घरापर्यंत थेट वाट नसतेच. आयपीव्ही६ किंवा मध्यस्थ सेवेचा आधार घ्यावा लागतो. ज्यांना वाट उपलब्ध आहे, त्यांनीही राउटरमध्ये सरसकट दरवाजे उघडू नयेत. वायरगार्डसारखा कूटबद्ध खासगी मार्ग वापरल्यास किल्ली जवळ असलेल्या मोबाइललाच आत येता येते.

या सावधगिरीला आधार आहे. अमेरिकेच्या नासा संस्थेच्या महानिरीक्षकांनी जून २०१९ मध्ये दिलेल्या अहवालात जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतील चोरीचा वृत्तान्त आहे. एप्रिल २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या या प्रकरणात सुमारे ५०० एमबी माहिती बाहेर गेली होती. परवानगीविना जाळ्याला जोडलेला एक रास्पबेरी पाय हल्लेखोरांचे लक्ष्य ठरला होता. अंतराळ संशोधकांच्या नजरेतून जे उपकरण निसटले, ते घरच्या टीव्हीमागे वर्षानुवर्षे अद्ययावत न होता पडून राहणे अगदी शक्य आहे.

राहिला प्रश्न प्रतींचा, आणि घरच्या सर्व्हरचे बरेवाईट येथेच ठरते. मोठ्या कंपन्यांकडे ठेवलेल्या छायाचित्राच्या प्रती अनेक ठिकाणी असतात. भाडे त्याचेच असते. घरी सारे एका डिस्कवर असते. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणारी रेड ही रचना एक डिस्क निकामी झाल्यास उपयोगी पडते. पण चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून त्याच क्षणी जाते. छायाचित्रकार आणि संगणकतज्ज्ञ पाळत असलेला नियम तीन-दोन-एक असा सांगितला जातो : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक प्रत घराबाहेर. इंदूर किंवा बडोद्यात राहणाऱ्या कुटुंबाने दिवाळीला गावी जाताना एक डिस्क नेऊन तेथील कपाटात ठेवली आणि पुढच्या खेपेला बदलली, तरी तिसरी अट पूर्ण होते. डिस्क कूटबद्ध केलेली असावी आणि तिच्यातून चार-दोन छायाचित्रे परत काढून पाहिलेली असावीत. न तपासलेली प्रत बिघडलेली असल्याचे नेमके गरजेच्या दिवशी कळते.

सर्व्हर उभारणारी व्यक्ती घरात बहुधा एकच असते. ती परगावी, रुग्णालयात किंवा कायमची दूर गेली, तर वीस वर्षांची छायाचित्रे घरातच असूनही घरच्यांना उघडता येत नाहीत. म्हणून सर्व्हर कोठे आहे, बंद-चालू कसा करायचा, पासवर्ड कोणते आणि गावची डिस्क कोणत्या कपाटात आहे, हे मराठीत एका कागदावर लिहून तो घराच्या दस्तऐवजांबरोबर ठेवावा. लिहिल्यानंतर तो घरातील दुसऱ्या कोणाच्या तरी हाती द्यावा आणि लिहिणाऱ्याने मध्ये न बोलता, त्या व्यक्तीला एक छायाचित्र शोधून काढायला सांगावे.