मुलांचा क्षयरोग : आधी वजनाचं कार्ड बघा

मोठ्यांमध्ये क्षय शोधायला थुंकी तपासतात. मुलांच्या बाबतीत घोडं तिथेच अडतं. पाच-सहा वर्षांखालच्या मुलाला बेडका थुंकता येत नाही, ते तो गिळून टाकतं. त्यात त्याच्या शरीरात जंतूही थोडेच असतात. मोठ्यांसारखी फुप्फुसात पोकळी सहसा होत नाही. रोग बहुधा छातीतल्या गाठींत मुक्काम करतो. त्यामुळे रिपोर्टात जंतू आले नाहीत म्हणून मुलाला क्षय नाही, असं म्हणता येत नाही.

दोन आठवड्यांहून जास्त रेंगाळलेला ताप किंवा खोकला ही खूण बहुतेकांना माहीत असते. वजनाकडे मात्र दुर्लक्ष होतं. तीन महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वजन घटलं, किंवा वाढत्या वयात ते वाढलंच नाही, तर क्षयाचा विचार करायलाच हवा. ‘दात येतायत’, ‘दृष्ट लागली’ म्हणत महिने निघून जातात. अंगणवाडीच्या कार्डावरची रेष आडवी झालेली दिसली, की डॉक्टरांनी लगेच विचारावं : घरात कोण खोकतंय? लहान मुलाला हा रोग बहुधा मोठ्या माणसाकडूनच लागतो. मांडीवर खेळवणारे आजोबा, शेजारी झोपणारी मावशी, गेल्या दोन वर्षांत घरी राहून गेलेला पाहुणा, सगळे आठवून सांगा. संकोच नको. कित्येकदा मुलाच्या निदानाची किल्ली या उत्तरातच असते.

आता मॉन्टू ही त्वचेवरची चाचणी. हातावर टोचून ४८ ते ७२ तासांनी तिथला टणक फुगवटा मोजतात, भोवतीची लाली नव्हे. तो १० मिलिमीटर किंवा जास्त भरला, तर जंतूंचा संसर्ग झालाय एवढंच कळतं. आजार झालाय असं नाही. उलट कुपोषित मुलात आजार असूनही मॉन्टू कोरी येऊ शकते. थोडा खोकला आणि मॉन्टू पॉझिटिव्ह, एवढ्यावर ‘प्रायमरी कॉम्प्लेक्स’ म्हणत सहा महिन्यांची औषधं सुरू करणं मला अजिबात मान्य नाही. क्षयासाठी रक्तातल्या अँटीबॉडी शोधणाऱ्या चाचण्यांवर तर भारतात २०१२पासून बंदी आहे.

छातीचा एक्स-रे हवाच, आणि जंतू शोधण्याचा प्रयत्नही. सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातला द्राव काढतात, कारण गिळलेला बेडका तिथेच असतो. मूल रडतं, आईला बघवत नाही, तरी नाही म्हणू नका. सीबीनॅट किंवा गोव्यात तयार होणाऱ्या ट्रूनॅट यंत्रावर काही तासांत जंतू आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला ते दाद देतील का, दोन्ही कळू शकतं. सीबीनॅट यंत्रावरच्या एक्स्पर्ट चाचणीसाठी मुलाच्या शीचा नमुनाही जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केला आहे. मानेला गाठ असेल, तर सुईनं तिच्यातला नमुना घेतात.

तापासोबत मूल सुस्तावलं, उलट्या किंवा झटके आले, तर दोन आठवडे मोजत बसू नका. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. हा मेंदूच्या आवरणाचा क्षय असू शकतो. त्यापासून बीसीजीची लस बरंच संरक्षण देते, पण हमी नाही.

घरात कुणाला फुप्फुसाचा क्षय निघाला असेल, तर घरातली सगळी मुलं, ठणठणीत दिसत असली तरी, याच आठवड्यात सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. तपासणी मोफत आहे. आजार नाही असं ठरलं, तर तो होऊ नये म्हणून द्यायचं औषधही तिथे मोफत मिळतं.